रखमाजीचा कागद

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून कुंभार पिंपळगाव. एसटीतून उतरलो तेव्हा एका हातात बॅग, दुसऱ्या हातात गादीची वळकटी. रस्त्यावरच्या तिघांनी न विचारता सांगितलं की हाडांचा दवाखाना तिकडं आहे. माझी चाल बघून त्यांना मी पेशंट वाटलो असणार. मी तिथं एक्स-रे काढायला आलोय असं सांगितलं, तर त्यातल्या एकाने वळकटी उचलून दवाखान्यापर्यंत आणून दिली.

जागा चांगली आहे. मशीन नवं आहे, डॉक्टर मॅडम कमी बोलतात, आणि नर्स वंदना सगळ्यांच्या वाटचं बोलते. पहिल्याच दिवशी तिने मला बद्रीभाऊ केलं. खोली तुळजाबाईंच्या माडीवर मिळाली. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, लग्न झालं का आणि जेवणाचं काय. पहिल्याचं उत्तर ऐकून दुसऱ्याची सोय त्यांनीच केली. खिडकीतून मोसंबीची बाग दिसते.

एकच गोष्ट खटकली. माझ्या आधीचा टेक्निशियन किती गुणी होता, हे दिवसभरात चौघांनी सांगितलं. ज्याला कधी पाहिलं नाही त्याचाही मला हेवा वाटतो. हा माझा जुना रोग आहे, आणि त्याचा एक्स-रे निघत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

या गावात ‘पात्रांचा खेळ’ खेळतात! संभाजीनगरला हॉस्टेलवर आम्ही दोन वर्षं खेळलो होतो, तोच. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र काय करतं ते सांगायचं. जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो, त्यावर नाव, बळ आणि दम. मार बसला की दम कमी होतो.

वंदनाने नेलं. खताच्या दुकानावरची खोली, रविवारी दुपारी दोन ते सहा. सूत्रधार बुद्धभूषण सर, ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतात. पुण्याला शिकताना त्यांनी हा खेळ उचलला आणि सगळे नियम मराठीत दोनशे पानी वहीत उतरवले. त्यांच्या गोष्टीतल्या राज्याचं नाव कोरडवाहू. तिथली नदी सात वर्षांपूर्वी कोणीतरी चोरून नेलीय आणि ती शोधायची आहे.

मी समशेर नावाचा तलवारबाज घेतला. वंदनाकडे एक वैदू बाई आहे. आणि अंगद.

अंगदची इथं मोसंबीची बाग आहे, खिडकीतून दिसते तीच. त्याचं पात्र रखमाजी, एक म्हातारा वाटाड्या. हातात कंदील, गुडघे दुखणारे, तलवार धरता येत नाही. पण अंगदने तोंड उघडलं की खोलीतला माणूस बदलतो. रखमाजी वाटेतल्या दगडांनाही रामराम घालतो, आणि दगडाने ओ दिली नाही म्हणून रुसतो. वंदना हसून हसून भिंतीला टेकली. सरही गोष्ट विसरून ऐकत बसले. समशेरने आज तीन लांडगे मारले. ते कोणाच्या लक्षातही नसेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रविवारी एका जागी मात्र मी हशा मिळवला. सरांचा नियम असा की रात्रभर झोपलं की दम पूर्ण भरतो. मी म्हणालो, पोटात भाला घुसला तरी सकाळी पोहे खाऊन माणूस ठणठणीत, असा दवाखाना मला दाखवा. सगळे हसले. अंगद सगळ्यात मोठ्याने. आज सर दवाखान्यात येऊन म्हणाले, “तुम्ही रोज हाडं बघून राह्यले. जखमांचे नियम तुम्हीच लिहा. बिलकुल खरे पाहिजेत.”

वही माझ्याकडे देऊन गेले. पहिल्या पानावर त्यांचे जुने नियम आहेत. लिहिलेलं खोडायचं नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्या की नियम लागू. टेबलाखाली पडलेला फासा धरायचा नाही, पुन्हा टाकायचा. गैरहजर माणसाचं पात्र त्याच्या जागेवर बसेल त्याने चालवायचं, आणि मूळ माणसाने तोंडाने मागितलं तरच परत द्यायचं. यावरून म्हणे एकदा भांडण झालं होतं.

बसून लिहिले. दम शून्यावर आला की बारा बाजूंचा फासा टाकायचा, निघेल ती जखम. एक म्हणजे मुका मार. चार म्हणजे डावी कॉलर बोन. अकरा, उजवं मनगट. बारा म्हणजे मान, पात्र संपलं. नऊला काही सुचलं नाही, रिकामा ठेवला. जखम खऱ्या दिवसांनी भरेल, सहा आठवडे तर सहा आठवडे, आणि तोवर दम निम्मा. पात्रांची अदलाबदल करून जखमेतून सुटायची चलाखी मी हॉस्टेलवर पाहिलीय, म्हणून शेवटी लिहिलं: जखम कागदाची. कागद ज्याच्या हाती, जखम त्याची.

प्रत्येक हाड कुठं मोडतं, तुकडे कसे बसतात, तेही लिहिलं. इतकं नीट काम मी बरेच दिवसांत केलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सह्या झाल्या. अंगदने न वाचता पहिली केली. म्हणाला, बद्रीभाऊनं लिहिलं म्हणजे बराबरच असंल. असा माणूस आवडून घ्यायला हरकत नव्हती. मला जमत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

कोरड्या नदीच्या पात्रात लुटारूंनी गाठलं. रखमाजी वैदूबाईच्या पुढं उभा राहिला आणि त्याचा दम शून्यावर आला. नव्या नियमांची पहिली वेळ. अंगदने फासा टाकला, तो टेबलावरून घरंगळून माझ्या पायापाशी पडला. मी पाहिला, अकरा. मनगट गेलं असतं. पण पडलेला फासा धरत नाहीत. पुन्हा टाकला तर चार. सरांनी रखमाजीच्या कागदावर तारीख घालून कॉलर बोन लिहिली.

मला वाटलं आता याची बोलती बंद होईल. झालं उलटंच. पुढचा तासभर तो डावा खांदा पाडून बसला, कंदील दातात धरला, आणि दगडांना म्हणाला की आज हात जोडता येत न्हाई, रामराम उधार. वंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं. नियम माझा, मेहनत माझी, आणि कौतुक त्याला. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी अकरा वाजता अंगदला आणलं. मोटारसायकलपुढं डुक्कर आलं म्हणे. वंदनाने कात्रीने शर्ट कापला. मी प्लेट लावली, फिल्म काढली.

डावी कॉलर बोन. बाहेरच्या टोकापासून दोन बोटं सोडून मोडलेली, तुकडा तुकड्यावर चढलेला.

दुपारी डबा तसाच ठेवून वहीतलं माझं वाक्य आठवून लिहून पाहिलं. शब्द न् शब्द तेच. असं हाड बहुतेक तिथंच मोडतं, म्हणून तर मी तसं लिहिलं होतं. योगायोग आहे. अंगद जाताना म्हणाला, “बद्रीभाऊ, तुमचे नियम लई खरे निघाले राव.” आणि हसला. मोडलेल्या हाडाने हसत होता. वंदना त्याला रिक्षापर्यंत सोडायला गेली आणि वीस मिनिटांनी आली.

३० नोव्हेंबर, रविवार

हात गळ्यात अडकवून तो खेळायला आला. येताना सगळ्यांना मोसंबी. त्याची मोसंबी वंदनाने सोलून दिली. माझी मी सोलली. तिने त्याला एकदाही अंगदभाऊ म्हटलं नाही, हे आज लक्षात आलं.

आता खरं लिहितो, ही वही कोणी वाचणार नाही. खेळ सुरू व्हायच्या आधी मी दोन नवे नियम मांडले. खाली पडलेला फासाही धरायचा, कारण नशीब टेबल बघत नाही. आणि नऊची रिकामी जागा भरली, जबडा. ज्याला ही जखम त्याने सहा आठवडे खेळात बोलायचं नाही. खुणा नाहीत, चिठ्ठीही नाही. वंदना म्हणाली फार कडक आहे. मी म्हणालो, खरं पाहिजे होतं ना. सह्या झाल्या.

साडेचारला रखमाजी पडला. फासा खाली गेला. मीच वाकून वाचला. नऊ.

मला माहीत होतं का? अर्धं माहीत होतं. अर्ध्या मनाने मी वाकलो आणि पूर्ण मनाने वाचला.

३ डिसेंबर, बुधवार

बैलाने मान झटकली, शिंग हनुवटीला लागलं. जबडा, उजवी बाजू, दाढेच्या मागे. मी फिल्म काढताना अंगद माझ्याकडेच बघत होता, त्याला बोलता येत नव्हतं. मॅडमनी जालन्याला पाठवलं, तिथं दात तारेने बांधणार.

कोणाला सांगू? आणि काय सांगू? नऊ मी भरला, हेच सांगावं लागेल.

संध्याकाळी तुळजाबाईंनी अंगदची विचारपूस केली. गुणी पोरगं, कोणाची दृष्ट लागली काय माहीत, असं म्हणाल्या. मी ताट तसंच ठेवून माडीवर गेलो.

७ डिसेंबर, रविवार

अंगद जालन्यालाच. सर म्हणाले की आज रखमाजीला झोपवून ठेवू. मी तोवर अंगदच्या खुर्चीत जाऊन बसलो होतो. गैरहजर माणसाचं पात्र त्याच्या जागेवर बसेल त्याने चालवायचं, नियम सरांचाच. त्यांनी रखमाजीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

जबड्यामुळे बोलायला बंदी होती, पण सरांनी विचारलं की रखमाजी काय करतो, तर तेवढं तोंडाने सांगणं चालतं. मी सांगितलं, रखमाजी कंदील खाली ठेवतो आणि एका दगडाशेजारी गप्प बसतो. दोघंही रुसलेले. वंदना हसली. अशी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. सर म्हणाले, “अंगदपेक्षा कमी न्हाई हां.”

या एका वाक्यासाठी मी तीस वर्षं थांबलो होतो असं वाटलं. कागद घरी घेऊन आलो. उशाखाली ठेवला आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

अंगदला जालन्याहून सोडलं, खांद्याच्या तपासणीला इकडे आणला. फिल्म काढली. पुन्हा काढली. कॉलर बोनवर रेघ नाही. जुना सांधा नाही, गाठ नाही, हाड जन्मात मोडलंच नसल्यासारखं. मॅडमनी मला विचारलं की फिल्म उजव्या बाजूची तर नाही ना.

सकाळी शर्ट घालताना माझा डावा खांदा चमकला होता. गादी बदलायला हवी.

१० डिसेंबर, बुधवार

सगळे जेवायला गेल्यावर स्वतःची फिल्म काढली. एकट्याला टायमर लावून काढता येते.

बाहेरच्या टोकापासून दोन बोटं सोडून. तुकडा तुकड्यावर चढलेला.

मी कुठंही पडलेलो नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

कागद ज्याच्या हाती, जखम त्याची, म्हणून कागदच जाळून पाहिला. तुळजाबाईंच्या चुलीत. धरला नाही. म्हणजे पेटला, काळा झाला, पण अक्षरं दिसतातच, चार आणि नऊ आणि तारखा. परत घडी करून ठेवला. एकच उपाय आहे, अंगदने तोंडाने मागायचा. तोंड त्याचं बांधलेलं आहे.

हे लिहिताना लक्षात येतं की मला बरं व्हायचंय एवढंच नाही. हे दुखणं त्याच्याकडं परत जायला हवंय. त्याला सोसता येतं. लोक त्याला मोसंबी सोलून देतात.

१२ डिसेंबर, शुक्रवार

भाकरीचा पहिला घास. कट्ट असा आवाज झाला, तुळजाबाईंनाही ऐकू आला.

बाथरूममध्ये घसरलो असं मॅडमना लिहून दिलं. त्यांनी फिल्म पाहिली आणि मग बराच वेळ माझ्याकडं. जालन्याला नेलं. दात बांधले. तिथला डॉक्टर सांगत होता, गेल्या आठवड्यातच असाच जबडा बांधला होता, आज सकाळी तार काढायला लागली, त्याला काही झालेलंच नव्हतं. चमत्कार म्हणत होता.

१४ डिसेंबर, रविवार

गेलो. एक हात गळ्यात, तोंड बांधलेलं. अंगद माझ्या आधी आला होता, ताजातवाना, दाढी करून. माझ्या खुर्चीत बसला होता. त्याची माझ्यासाठी रिकामी ठेवली होती.

चुलीतून काढलेला कागद त्याच्यापुढे धरला. हातात कोंबला. त्याने दोन्ही हातांनी परत दिला. म्हणाला, “न्हाई बद्रीभाऊ. म्या ऐकलं तुम्ही रखमाजी कसा चालवला ते. आता त्यो तुमचाच. म्या मागणार न्हाई.” त्याला वाटलं मी मोठेपणा करतोय. तो खरंच मोठा माणूस आहे. त्याचाच मला राग आहे.

मी खुणा केल्या, मान हलवली, टेबल वाजवलं. सर म्हणाले खुणा न्हाई, नियम तुमचाच. चिठ्ठी लिहिली — खेळ थांबवा, जखमा खऱ्या आहेत. सरांनी न वाचता घडी करून वहीत ठेवली. चिठ्ठीही न्हाई. वंदना म्हणाली, जखम असावी तर अशी, काय खरं करून राह्यलेत बद्रीभाऊ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

पाच वाजता फासा. अकरा.

१६ डिसेंबर, मंगळवार

डाव्या हातानं लिहितोय. तो उचलला की खांदा — जाऊ दे.

उजवं मनगट. पाणी ओतताना. तांब्या होता फक्त.

खेळाबाहेर सांगता येईल. वंदना रोज येते, प्लास्टर बघते, पेज पाजते. वही आहे, पेन आहे. पण सांगायचं तर पूर्ण सांगावं लागेल. नऊ. मी वाकून वाचला ते. मग ती पेज पाजायला येणार नाही.

उद्या सांगतो.

१८ डिसेंबर

सांगितलं नाही. आज तिने मोसंबी सोलून रस काढला. नळीने पाजला. बद्रीभाऊ म्हणाली नाही. नुसतं बद्री.

२० डिसेंबर, शनिवार

पुरे झालं. सगळं लिहून वंदनाच्या हातात दिलं — नऊ, अंगद, कागद. तिने वाचलं. डोळे पुसले. म्हणाली, रखमाजीच्या मनातलं तुम्ही किती खोल — ती उद्या सरांना वाचून दाखवणार. मी ओरडलो. तारेतून नुसता वारा आला.

म्हणाली, तुमचा रविवार चुकू न्हाई म्हणून आम्हीच येतो उद्या.

२१ डिसेंबर, रविवार

आले. तुळजाबाईंनी पाट दिले. खाटेला लागून टेबल, त्यावर वही. दोन वाजलेत. ऊन आहे. माझी रोजनिशी मांडीवर, त्यांना वाटतं मी खेळाची नोंद ठेवतोय.

अंगद समशेर चालवतोय. माझा समशेर. पहिल्याच वाक्याला सगळे हसले. मला इतक्या दिवसांत समशेरचं एक वाक्य सुचलं नाही — आणि अजूनही, असं पडलेलं असताना, मला त्याच्यावर जळायला होतं.

रखमाजीचा दम दोन. लुटारू परत.

सरांनी विचारलं, रखमाजी पळतो का. मी मान हलवली, हो, हो. सर म्हणाले खुणा न्हाई. अंगद म्हणाला रखमाजी कधी पळायचा न्हाई, म्या ओळखतो त्याला —

दम शून्य.

फासा फेकण्याइतके माझे हात चालत नाहीत म्हणून तो अंगद टाकणार. माझ्यासाठी. हातात घोळवतोय, देवाचं नाव घेतोय, बारा नको, चांगला पडू दे म्हणून —

टाकला. टेबलावरून गेला. खाटेखाली.

सर म्हणाले पुन्हा टाकू. वंदना म्हणाली न्हाई, बद्रीचा नियम हाये, पडलेला धरायचा, त्यांना आवडायचं न्हाई.

ती वाकली आहे. तिची वेणी दिसते. खाली अंधार आहे, मोबाईलचा उजेड लावला. सापडला म्हणाली. एकाचा आकडा आहे आणि त्याच्या शेजारी